खर्जाचा पाइप

१

मी क्वालिटीत आहे. क्वालिटीतला माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही, त्याचं कामच ते. वाळूजच्या आमच्या शेडमधून जे काही बाहेर पडतं त्यावर शेवटची सही माझी असते, आमरीन मुबारक शेख. आजवर टाक्या, चिमण्या, साखर कारखान्यांचे पाइप असंच सगळं बाहेर पडलं. शिल्प मात्र पहिल्यांदाच.

कोकणातल्या एका बंदराच्या गावानं आपल्या संगीतकाराचं स्मारक करायचं ठरवलं होतं. दत्तोपंत करंबेळकर त्यांचं नाव. पुतळा नको, असं घरच्यांनीच सांगितलं म्हणे. म्हणून स्टेनलेस स्टीलचे एकोणतीस पाइप, लहानापासून मोठ्यापर्यंत, जेट्टीच्या कडेला खडकात उभे राहणार. खालून लाट आली की हवा वर दाबली जाणार आणि पाइप वाजणार. प्रत्येकाचा सूर ठरलेला. समुद्रानं दत्तोपंतांच्या चाली वाजवायच्या, अशी कल्पना. कल्पना सुचणारी माणसं पुण्यात बसतात, घाम आमच्या शेडमध्ये गळतो.

सगळ्यात मोठा पाइप खर्जाचा. नऊ मीटर लांब, सव्वीस इंच व्यासाचा, एक टोक बंद आणि दुसरं उघडं. आतली वेल्डची शिवण घासून गुळगुळीत करायला माणसाला कोपरांवर सरपटत आत जावं लागतं. आत वळता येत नाही. जाताना डोकं आधी जातं, येताना पाय आधी येतात. बूट बाहेर काढायचे, नाहीतर पॉलिशवर ओरखडे पडतात. हे काम शेडमध्ये एकच माणूस धड करतो, आणि तो म्हणजे माझे अब्बा.

अब्बांना अकरा वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही. ग्राइंडरच्या आवाजानं कान गेले. नस मेली आहे, मशीन लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बरंचसं कळतं, पण पाइपच्या आत ओठ कुठले दिसणार? तिथे आम्ही ठोक्यांवर बोलतो. बाहेरच्यानं दर पाच मिनिटांनी हातोडीनं दोन ठोके द्यायचे, म्हणजे 'बरं आहे का?' आतल्यानं दोन परत द्यायचे, म्हणजे 'बरं आहे.' तीन ठोके म्हणजे 'बाहेर या.' अब्बा तळहात टेकवून ठोके ओळखतात. कुणाचा हात आहे तेही त्यांना कळतं, आणि बाहेर माझा हात नसेल तर ते आत जातच नाहीत.

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी पाइपवर दोन ठोके दिले. आतून दोन परत आले. मी वहीत वेळ लिहिली आणि मान वर केली, तर अब्बा माझ्यासमोर उभे राहून चहा पीत होते.

२

पत्र्याची शेड, वर ऊन, स्टील तापतं आणि निवतं. निवताना टिकटिक करतं. ही गोष्ट मी स्वतःला दोनदा समजावली. टॉर्च घेऊन आत बघितलं तर कुणी नव्हतं, पलीकडची बंद प्लेट स्वच्छ चमकत होती. पुन्हा ठोके मात्र दिले नाहीत. का दिले नाहीत, ते वहीत लिहिलेलं नाही.

मंगळवारी बारा वाजता अब्बा आत होते. मी दोन ठोके दिले आणि उत्तर आलंच नाही. मी लगेच तीन दिले. बऱ्याच वेळानं त्यांचे पाय बाहेर आले, मग पाठ, मग डोकं. ते रडत होते आणि हसतही होते.

"आत पाणी वाजतंय गं, बेटा," ते म्हणाले. "लई मोठं पाणी. येतंय अन् जातंय."

अकरा वर्षांत त्यांनी 'वाजतंय' हा शब्द उच्चारला नव्हता.

मी पाइपच्या तोंडात डोकं घालून श्वास रोखला. काहीच नाही. स्टीलचा थंड वास आणि माझ्याच कानातली धडधड. मी बाहेर येऊन मान हलवली.

"तुला नाय येत?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. मग माझी कीव आल्यासारखे बघत राहिले. "येईल. जरा आत जावं लागतं."

हाडांतून थरथर जाते, मेंदू तिलाच आवाज समजतो, असं काहीतरी मी कधी वाचलं होतं. ते मी घट्ट धरून ठेवलं. अब्बा दिवसभर गुणगुणत होते. सुरात नव्हते, पण गुणगुणत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाज वाटत होती.

३

बुधवारी मी स्टॉपवॉच घेऊन बसले. अब्बा साडेबाराला आत गेले. पहिले दोन ठोके, उत्तर लगेच. पाच मिनिटांनी पुन्हा दोन, आणि उत्तराला अकरा सेकंद लागले. तिसऱ्या वेळी पन्नास. बारा पन्नासला ठोके दिले तेव्हा उत्तर आलं एक मिनिट चाळीस सेकंदांनी. ठोके अब्बांचेच होते, जरा लांबणारा दुसरा ठोका, पण फार बारीक, शेजारच्या गल्लीत कुणी दार ठोकावं तसे.

मी टॉर्च मारला. आतलं पॉलिश चकाकलं. पुढे अब्बांचे तळवे दिसायला हवे होते, त्यापुढे बंद प्लेट. दोन्ही दिसलं नाही. उजेड जाईल तिथपर्यंत पाइपच होता.

मी तीन ठोके दिले, मग वेड्यासारखी देतच राहिले. अब्बा आले, पाय आधी. गुडघे ओले होते. हाताला लागलेलं पाणी मी जिभेला लावून बघितलं आणि लगेच थुंकले. घामही खारटच असतो, असं मी तेव्हा म्हटलं. एवढा घाम कुणाला येत नाही, हेही मला माहीत होतं.

दुपारी साइटवर फोन केला. तिथे सत्यम नावाचा सुपरवायझर आहे, कधी भेटलेला नाही, पण फोनवर बोलून बोलून ओळख झालेली. क्रेन कधी लावायची ते ठरवायचं होतं, म्हणून मी सोमवारपासूनच्या भरतीच्या वेळा विचारल्या. त्यानं तक्ता वाचून दाखवला.

"सोमवारी अकरा दहा होती मॅडम. काल बारा. आज बारा पन्नास. रोज पन्नास मिनिटं पुढे जाते ती. उद्या एक चाळीसला."

मी वही उघडली. सोमवार अकरा दहा. मंगळवार बारा. बुधवार बारा पन्नास.

"मॅडम? तुम्हाला कशाला हव्यात मागच्या वेळा? संभाजीनगरला काय समुद्र आलाय की काय?" तो हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर हिशेब करायचा नाही असं ठरवलं होतं, पण हात थांबला नाही. पोलादातून आवाज सेकंदाला पाचेक किलोमीटर धावतो. शंभर सेकंदांत पाचशे. जाऊन येऊन पाचशे म्हणजे एका बाजूनं अडीचशे. इथून सरळ रेषेत समुद्र तेवढाच लांब आहे.

४

शहागंजमध्ये आमच्या दोन खोल्या आहेत, खाली अत्तराचं दुकान. अम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्या संध्याकाळी मी अब्बांसमोर बसले आणि ओठ मोठे हलवत सांगितलं, "उद्यापासून आत जायचं नाही. शिवण झाली आहे. मी पास केली."

"अजून एका जागी खरखर आहे."

"मी पास केली, अब्बा."

"तू नाय, मी सांगतो कधी झाली ते." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आत कुणीतरी चाल बसवतंय गं. एका जागी येतंय, अडतंय, पुन्हा पहिल्यापासून. ऐकत बसावं वाटतं. अकरा वरसं मी भिंतीत राहिलो, आमरीन. खिडकी उघडली तर तू बंद करायला निघालीस?"

ते माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले आणि दारातून वळले.

"अन् आज तर तूच बोलत होतीस की."

"मी?"

"आतून. 'अब्बा, पुढं या, अजून पुढं या.' लई साफ."

मी कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, *मी एक शब्दही बोलले नाही. मी फक्त ठोके देते.*

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि हसले. लहान पोरीनं थाप मारली की बाप हसतो तसे.

"तुझा आवाज मी ओळखणार नाय व्हय? दहावीतला होता. मी शेवटचा ऐकलेला."

५

गुरुवारी चार वाजता ट्रेलर येणार होता. मी सकाळीच मालकांना, अभय सरांना, गाठलं. खर्जाच्या पाइपचं उघडं तोंड प्लेट मारून बंद करू, प्रवासात आत काही जाऊ नये, असं सांगितलं. प्लेट कापून आणली. एक चाळीसच्या आत वेल्ड पडलाच पाहिजे, हे फक्त मला माहीत होतं.

अब्बा सकाळपासून पाइपच्या तोंडाशी बसून कड घासत होते. मी नजर ढळू दिली नाही. पाऊण वाजता अभय सरांनी मला कागदपत्रांवर सह्या करायला केबिनमध्ये बोलावलं. दहा मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास गेला. धावत परत आले तेव्हा शेड रिकामी होती, सगळे जेवायला गेले होते. पाइपच्या तोंडाशी अब्बांचे सेफ्टी शूज होते. नीट जोडून ठेवलेले, मोजे आत खोचलेले.

एक वीस.

मी दोन ठोके दिले. वाट बघितली. शंभर सेकंद झाले, दोनशे झाले, उत्तर नाही. तीन दिले. उत्तर नाही.

शेडचा नियम आहे, बाहेर ठोके द्यायला कुणी नसेल तर आत जायचं नाही. तो नियम मीच भिंतीवर लावलाय. मी टॉर्च दातांत धरला आणि बुटांसकट आत शिरले.

कोपर, गुडघा, कोपर, गुडघा. मी मोजत होते. नऊ मीटरला फार तर पंचवीस वेळा सरपटावं लागतं. चाळीस झाले. साठ झाले. बोटांखाली ओल लागली, मग मनगटापर्यंत पाणी आलं, थंडगार. आणि तेव्हा मला ऐकू आलं. पाणी येत होतं आणि जात होतं. त्याच्या खाली कुणीतरी घशातल्या घशात एक चाल म्हणत होतं. एका जागी अडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. अब्बा खोटं बोलत नव्हते. ऐकत बसावं असंच वाटत होतं, हीच सगळ्यात भयंकर गोष्ट होती.

"अब्बा!" मी ओरडले. बहिऱ्या माणसाला हाक मारली. टॉर्च खाली पडला आणि पुढे गडगडत गेला. तो थांबला तिथे मला दोन तळवे दिसले.

तळवे नव्हते, बूट होते. आत कुणी बूट घालून येत नाही. रबरी सोल, त्यावर कोरलेला आकडा पाच. आमच्या शेडमध्ये पाच नंबरचे सेफ्टी शूज एकाच माणसासाठी मागवलेत, माझ्यासाठी.

ते बूट हलले. सरपटत माझ्यापुढे चालले होते ते.

मागून ठोके आले. तीन. दुसरा ठोका जरा लांबणारा. बाहेर या.

६

मागे सरकल्याचं मला आठवत नाही. मला आठवतं ते उजेडाचं भोक, आणि अब्बांनी काखेत हात घालून ओढून काढलेलं. ते चपला घालून उभे होते. डोक्यावर टोपी होती. जोहरच्या, दुपारच्या नमाजाला गेले होते ते, रोज जातात तसे, फक्त आज बूट लॉकरमध्ये ठेवायच्या ऐवजी इथेच काढून चपला घातल्या होत्या. परत आले तर आतून टॉर्चचा उजेड दिसला, म्हणून ठोके दिले.

मी हसायला लागले. त्यांच्या गळ्यात पडायला गेले, तर ते एक पाऊल मागे सरले.

"तू डोक्यानं बाहेर आलीस," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"आत वळता येत नाय, आमरीन. मी तीस वरसं पाइपात जातोय. डोक्यानं बाहेर कशी आलीस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते पाइपकडे बघत होते. मान कलती करून, कान देऊन. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

"कोण आहे आत?"

"कुणी नाही, अब्बा. मी इथे आहे."

"आत आमरीन रडतेय."

मला काही ऐकू येत नव्हतं. मी त्यांचा हात धरून माझ्या गालाला लावला. ओठ मोठे हलवत म्हटलं, "हे बघा, मी आहे. मी." त्यांनी माझे ओठ वाचले. दुसरा हात त्यांनी पाइपवर टेकवला. मी त्यांच्या तळहातावर बोटानं दोन ठोके दिले, बरं आहे. तेवढ्यात पाइपमधूनही दोन ठोके आले. ते मलाही ऐकू आले. मग तीन, घाईघाईनं. मग नुसतेच ठोके, मोजता येऊ नयेत असे.

घड्याळात एक चाळीस झाले होते. पाइपच्या कडेवरून पाण्याची एक बारीक धार जमिनीवर उतरली.

"प्लेट लावा," मी म्हटलं. "अब्बा, तुमच्या पाया पडते, प्लेट लावा."

त्यांनी माझ्याकडे किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही. एका बाजूला ते ऐकू शकत होते तो आवाज, दुसऱ्या बाजूला दिसत होता तो चेहरा. मग त्यांनी वाकून प्लेट उचलली, होल्डर हातात घेतला आणि वेल्डिंगचं हेल्मेट खाली ओढलं. त्यांचं तोंड मला दिसू नये म्हणून, असं मला वाटतं. शिवण पुरी होईपर्यंत त्यांचे खांदे हलत होते. तरी शिवण एकदम सरळ आली. मी ती पास केली.

७

शिल्प उभं राहिलं. फाउंडेशनमध्ये बसवताना सत्यमनं विचारलं होतं, "खर्जाची प्लेट कापायची ना मॅडम?" मी म्हटलं नाही, ड्रॉइंग बदललंय. आयुष्यात पहिल्यांदा मी ड्रॉइंगबद्दल खोटं बोलले. अठ्ठावीस पाइप वाजले तरी कुणाला एकोणतिसाव्याची उणीव भासणार नव्हती.

उद्घाटनानंतर चार दिवसांनी त्यानं व्हिडिओ पाठवला. संध्याकाळचं ऊन, फेस, पाइपांपुढे फोटो काढणारी माणसं. खाली लिहिलं होतं, 'प्लेट असूनपण खर्ज वाजतो मॅडम, भरतीला. लोक म्हणतात बाई गातेय असं वाटतं.' मी आवाज लावून तीनदा ऐकला. मला सूर ऐकू आले, बाकी काही नाही. मोबाइल टेबलावर ठेवून मी भाकरी उलटायला आत गेले.

परत आले तेव्हा मोबाइल अब्बांच्या हातात होता, कानाला लावलेला.

जेवायला बसलो. प्लेट लावली त्या दिवसापासून ते माझ्यासमोर बसतात, शेजारी बसत नाहीत. माझे ओठ बघायला, असं सांगतात. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "दहावीत होतीस तेव्हा शाळेतून आलीस की जिन्यातूनच ओरडायचीस. काय ओरडायचीस गं?"

किती सोपा प्रश्न. मला त्या वर्षीच्या युनिफॉर्मचा रंग आठवला. जिन्याच्या पायऱ्या आठवल्या, अकरा. अत्तराचा वास आठवला. मी जिना चढत होते, तोंड उघडत होते, आणि त्या तोंडातून काही येत नव्हतं. आठवणीत आवाजच नव्हता. मी मागे गेले, अम्मीच्या मांडीपर्यंत गेले. सगळीकडे माणसं ओठ हलवत होती.

"'अब्बा, भूक लागली,'" मी म्हटलं.

त्यांनी माझे ओठ वाचले. हळूच मान हलवली. "व्हय," म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

आज सकाळी जाग आली तर त्यांचं अंथरूण घडी घातलेलं होतं. चपला नाहीत. पेटीतलं कटिंग मशीन नाही. शेजारच्या भामाबाई म्हणाल्या, पहाटेच रिक्षात बसले, कोकणाची गाडी कुठून सुटते ते विचारत होते. दुपारपर्यंत ते जेट्टीवर पोहोचतील. ती शिवण त्यांचीच आहे, कापायला त्यांना दहा मिनिटं पुरतील.

मी सत्यमला फोन लावलाय. त्यांना अडव, धरून ठेव, वाटलं तर पोलिसांना बोलाव, असं सांगायचं आहे मला. आत जे आहे ते बाहेर आलं तर काय होईल? पण रात्रभर मी जिना चढत होते, पुन्हा पुन्हा, आणि एकदाही माझा आवाज आला नाही. आत जर खरंच ती असेल, तर ती इतके दिवस पाण्यात आहे.

सत्यमनं फोन उचललाय. "बोला मॅडम," म्हणतोय. "हॅलो? मॅडम, आवाज येत नाहीये तुमचा."

मी बोलतेय. केव्हाची बोलतेय मी.